हळदीचा चेहरा नारिंगी का होतो?

खानदेशातली लग्नसराई म्हणजे एप्रिल आणि मे. पारा ४४ अंशांच्या आसपास, दारात रंगीत कापडाचा मंडप, मंडपाच्या कडेला पाटावर बसलेली नवरी आणि अंगभर हळद. जून लागला की जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही स्टुडिओत जाऊन बसा, अल्बम लावणाऱ्या पोराच्या स्क्रीनवर हाच फोटो दिसेल. कपाळावर उन्हाचा चट्टा, डोळ्यांखाली काळोखी, मान अंधारात. पोरगा डॉज टूल घेऊन काळोखी उजळवतो, बर्न टूल घेऊन चट्टा उतरवतो. दहा मिनिटांत चेहऱ्यावरचा उजेड एकसारखा होतो, पण तोवर हळद शेंदरी झालेली असते आणि डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसायला लागतं.

माझ्या हातूनही हे झालेलं आहे. एका हळदीचे सगळे फोटो छापून आले ते गाजराच्या रंगाचे. मी तणतणत लॅबमध्ये गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे माझीच फाईल उघडली, सगळ्यात खालचा मूळ लेयर दाखवला आणि मग माझे वरचे लेयर एकेक चालू केले. तिसऱ्या लेयरला गाजर उगवलं. त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

डॉज-बर्न करताना रंग का सरकतो, या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत पुष्कळ तोडगे निघाले. कुणी मोड बदला म्हणतं, कुणी लॅब कलर नावाच्या रंगपद्धतीत जा म्हणतं, कुणी टूलच फेकून द्या म्हणतं. यातला प्रत्येक तोडगा अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग फोटोशॉपमध्ये सापडत नाही, तो मंडपात सापडतो. पण आधी जुन्या काळाकडे जाऊ, कारण हा प्रश्न एके काळी नव्हताच.

डार्करूममध्ये एन्लार्जरच्या उजेडाखाली कागद ठेवायचा आणि तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलवत राहायची. जिथे उजेड अडला तिथे कागद कमी काळा झाला, म्हणजे फोटो उजळला. हा डॉज. बर्नला उलटं: भोक पाडलेला पुठ्ठा धरून तेवढ्याच जागेवर जास्तीचा उजेड पाडायचा, म्हणजे ती जागा काळवंडते. हात सतत हलता, नाहीतर कडा उमटते. अमेरिकेच्या ॲन्सेल ॲडम्सने आपल्या छपाईवरच्या पुस्तकात यावर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. पण हे सगळं कृष्णधवल. चांदीच्या क्षारांना काळं किती व्हायचं एवढंच ठाऊक, त्यामुळे रंग सरकायला मुळात रंगच नव्हता.

आमच्या भागात या काळाचा सगळ्यात मोठा मानकरी चाळीसगावचा. केकी मूस, १९१२ ते १९८९. मुंबईत जन्मलेला पारशी माणूस, इंग्लंडमध्ये कला शिकून आला आणि चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या घरात पुढचं सगळं आयुष्य जवळपास कोंडून घेऊन जगला. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव झालं. टेबलावर चार वस्तू मांडायच्या आणि उजेड असा टाकायचा की पाहणाऱ्याला तिथे डोंगर, वाट, संध्याकाळ दिसावी. टेबलावर एकदा सगळं आपल्या हातात आलं की उजेड कुठे किती हे आधीच ठरवता येतं. चट्टा पडलाच नाही तर उतरवायचा कुठून? रीटचिंग शिकवणाऱ्या कोणत्याही वर्गाने पोरांना एक दिवस चाळीसगावला नेऊन त्यांचं संग्रहालय दाखवावं, असं मला फार वाटतं. ट्यूटोरियलपेक्षा स्वस्त पडेल.

मात्र मंडपातल्या फोटोग्राफरला टेबल मिळत नाही. जुन्या स्टुडिओंनी त्यावर आपली सोय काढली होती. निगेटिव्हवर पेन्सिलने बारीक रीटचिंग करणारा एक हात, आणि छापलेल्या कृष्णधवल फोटोवर तैलरंग चढवणारा दुसरा. ओठांना गुलाबी, शालूला हिरवा, दागिन्यांना पिवळा. आजोबांचे असे रंगवलेले फोटो खानदेशातल्या कितीतरी घरांच्या ओट्यावर, हार घालून, अजून लटकताहेत. आज आपण त्यांना हसतो. पण त्यातली कामाची वाटणी पाहा. उजेड-सावली फोटोची, रंग रंगवणाऱ्याचा. एकाच्या कामाने दुसऱ्याचं बिघडत नव्हतं. फोटोशॉपमध्ये घाम गाळून आपण शेवटी ज्या जागी पोचतो, ती जागा नेमकी हीच आहे.

कृष्णधवलातही एक फसवणूक होती, ती सांगून पुढे जातो. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रं नकलून घ्यायला आला आणि पुढे कॅमेरा घेऊन बसला. त्याने रंगवलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्या काळच्या ओल्या कोलोडियन काचेला निळाच उजेड कळायचा. पिवळा आणि तांबडा तिला अंधारासारखेच. अजिंठ्याच्या भिंतीवर तर पिवळ्या आणि तांबड्या गेरूचंच राज्य. म्हणजे रंग नसलेल्या फोटोतसुद्धा रंगामुळे उजेड चुकत होता. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

रंगीत निगेटिव्ह आल्यावर प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मला. रंगीत कागदावर तीन थर असतात आणि जास्तीच्या उजेडाला तिघे सारखा प्रतिसाद देतात असं नाही. एखादी जागा बर्न केली की ती नुसती गडद होत नसे, तिला कसली तरी झाक येई. हाताने छापणारे मुरलेले कारागीर म्हणूनच बर्न करताना फिल्टर बदलत, उजेडाबरोबर रंगाचीही दुरुस्ती त्याच सेकंदांत उरकत. मग मिनीलॅबची यंत्रं आली, रोल एका बाजूने टाका आणि फोटो दुसऱ्या बाजूने घ्या. तारेवरची चकती अडगळीत गेली आणि तिच्याबरोबर हे शहाणपणही. फोटोशॉपमध्ये डॉज-बर्न परत आलं तेव्हा चकतीचं चित्र असलेलं बटण आलं, पण फिल्टर धरणारा हात आला नाही.

आता आकड्यांकडे. संगणकाला त्वचा ठाऊक नसते, त्याला तीन आकडे ठाऊक असतात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक शून्य ते २५५. साधारण गव्हाळ चेहऱ्याचा उजेडातला एक ठिपका घेऊ: लाल २००, हिरवा १५०, निळा १२०. डॉज-बर्नची आज सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे वर पन्नास टक्के राखाडी रंगाचा लेयर, मोड ओव्हरले, आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या ब्रशने हलके हात. ओव्हरलेमध्ये १२८चा राखाडी काही करत नाही. त्याहून गडद झालं की खालचं गडद, उजळ झालं की उजळ. समजा तुमच्या ब्रशने तो राखाडी १०२वर आणला. आपल्या ठिपक्याचं काय होतं? तो १८९, १२९, ९६ होतो. लाल ११ने उतरला, हिरवा २१ने, निळा २४ने. तिघांना एकच काठी मारली, पण लागली वेगवेगळी. लाल आणि निळा यांच्यातलं अंतर वाढलं, म्हणजे रंग भडकला. टक्क्यांत सांगायचं तर रंगाची तीव्रता ४० वरून ४९वर गेली. उलट राखाडी १५३ करून तोच ठिपका उजळवला तर २११, १७१, १४४. तीव्रता ३२वर घसरली आणि रंग किंचित पिवळ्याकडे झुकला. बर्नने भडक, डॉजने फिकट. तक्रारी कितीही वेगवेगळ्या शब्दांत येवोत, मुळाशी हे एवढंच आहे.

हे ओव्हरलेचंच पाप नाही. कर्व्ह्सचा लेयर घेऊन मधून खाली ओढलात तरी जवळपास हेच आकडे मिळतात, कारण वाकलेली रेघ प्रत्येक चॅनलला तो आहे त्या उंचीवरून ओढते. सॉफ्ट लाईट मोड सौम्य असतो म्हणतात, आणि खरंच त्याच राखाडीने आपला ठिपका १९१, १३८, १०७ होतो, तीव्रता ४४. पण नीट बघा, तो तितका गडदही झालेला नाही. हवी तेवढी सावली आणायला ब्रश जास्त फिरवावा लागतो आणि वाचवलेला रंग बराचसा परत भडकतो. सॉफ्ट लाईटची जी ख्याती आहे तिचा निम्मा भाग सावकाशपणाचा आहे. सावकाशपणा वाईट नाही म्हणा, नवशिक्याच्या हाताला तोच हवा.

आता हळद. हळदीच्या चेहऱ्यावरचा ठिपका धरा: लाल २३५, हिरवा १८०, निळा ६०. ओव्हरलेच्या राखाडीला ७७पर्यंत काळं करा. उत्तर येतं २२७, १५०, ३६. लाल आधीच छताला टेकलेला, तो आठानेच हलला. हिरवा तब्बल ३० उतरला. पडद्यावरचा पिवळा म्हणजे लाल आणि हिरव्याची बेरीज. त्यातला हिरवा काढून घेतला की राहतो तो नारिंगी. हेच ते गाजर. डॉज करताना नेमकं उलटं, लाल छताला अडकतो, हिरवा वर येतो आणि हळदीचं लिंबू होतं. साध्या त्वचेवर जो फरक चार माणसांत एकाच्याच नजरेत भरतो, तो हळदीवर नवरीच्या आजीलाही दिसतो. खानदेशातल्या रीटचरला हा प्रश्न स्टुडिओत बसून मॉडेलचे फोटो काढणाऱ्यापेक्षा जास्त छळतो, त्याचं कारण एवढंच.

तोडग्यांमध्ये पहिला मान फोटोशॉपच्या स्वतःच्या दुरुस्तीला. २००८ मध्ये आलेल्या सीएस-४ आवृत्तीत डॉज आणि बर्न टूलला प्रोटेक्ट टोन्सची खूण मिळाली. ती चालू असली की रंग कमी सरकतो, काळं-पांढरं टोकाला जाऊन फुटत नाही. पूर्वीच्या टूलपेक्षा कितीतरी बरं. पण ते टूल थेट चित्रावर चालतं, आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक म्हणालं की कपाळ जरा कमी करा, तर परत फिरायला वाट नसते. खूण छान, टूल नको, असं माझं मत.

दुसरा तोडगा ल्युमिनॉसिटी मोडचा, आणि यावर सगळ्यात जास्त श्रद्धा आहे. कर्व्ह्सचा लेयर घ्या, मोड ल्युमिनॉसिटी करा, उजेड बदलेल, रंग जागचा हलणार नाही, असं सांगितलं जातं. आपला ठिपका ओव्हरलेइतकाच गडद या मार्गाने केला तर १८२, १३२, १०२ येतो. छटा खरंच तीच राहिली. तीव्रता मात्र ४४. म्हणजे भडकपणा अर्ध्यावर आला, संपला नाही. तिन्ही आकड्यांतून सारखीच वजाबाकी होते, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं. पण मोठ्या आकड्यांतलं ८०चं अंतर आणि लहान आकड्यांतलं ८०चं अंतर डोळ्याला सारखं वाटत नाही. लॅब कलरमध्ये जाऊन फक्त उजेडाच्या एल चॅनलवर काम करण्याची जी पद्धत आहे, तिचीही जात हीच. वर तिथे आठ बिटच्या फाईलची ये-जा केली तर बारीक छटा गळतात, सोळा बिट हवेत.

एक जुना, सरळ आणि दुर्लक्षित मार्ग आहे. कर्व्ह्सची रेघ मधून न वाकवता तिचं वरचं उजवं टोक सरळ खाली आणायचं, २५५ वरून २२६वर, बाकी रेघ ताठ. किंवा मल्टिप्लाय मोडमध्ये राखाडी. मग प्रत्येक आकड्याला एकाच संख्येने गुणलं जातं: १७७, १३३, १०६. तीव्रता ४०, मुळाइतकीच. हे गणित खऱ्या जगाला सगळ्यात जवळचं आहे, कारण दिव्यासमोर जाळी धरली की उजेडही असाच, सगळ्या रंगांत एकाच प्रमाणात, कमी होतो. बर्नसाठी मी आता हीच ताठ रेघ वापरतो. डॉजसाठी वरचं टोक डावीकडे सरकवायचं. मात्र हळदीसारखा लाल आधीच छताला असेल तर तिथे हात आखडता.

इथपर्यंत आलं की वाटतं, झालं, प्रश्न सुटला. आणि नेमकं इथेच काम फसतं. ताठ रेघेने गालाची कडा बर्न केली, आकडे जिथल्या तिथे, रंग इंचभर हललेला नाही, आणि चेहरा मेलेला दिसतो. मातकट. कोळसा पुसल्यासारखा. का? कारण खऱ्या सावलीला स्वतःचा रंग असतो. उजेड त्वचेत थोडा आत शिरतो, आत फिरतो, आणि तांबडा त्यातला लांबवर जातो. म्हणून उजेड जिथे संपतो आणि सावली जिथे सुरू होते त्या कडेला त्वचा तांबूस असते. पाठीमागे सूर्य असला की लहान पोराचे कान कसे लाल पेटतात ते आठवा. ओव्हरलेने येणारा तो जादाचा लालसरपणा, ज्याला आपण इतका वेळ शिव्या दिल्या, त्यातला थोडा सावलीच्या कडेला हवाच असतो. म्हणून ओव्हरले मोडवर अजून जग चालतं. तो चुकून थोडासा बरोबर आहे.

दुसरी बाजू जागेची. उघड्यावरच्या सावलीत सूर्याचा उजेड नसतो, आकाशाचा असतो, म्हणून ती निळसर. मंडपात कापड लाल असेल तर सावल्या लाल, हिरवं असेल तर हिरव्या. रावेर-यावलकडे हल्ली केळीच्या बागेत प्री-वेडिंगचे फोटो फार निघतात. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच हिरवी पानं, त्यांतून गाळून आलेला उजेड, आणि हनुवटीखाली जी सावली पडते ती सरळ हिरवी. कपाशीच्या काळ्या रानात उभं केलं तर खालून जवळपास काहीच उजेड परत येत नाही, सावली खोल आणि रंगहीन. धुळ्याकडच्या माळावर उन्हाने वाळलेल्या पिवळ्या गवतात उभं केलं तर खालून पिवळा. एकच चेहरा, एकच कॅमेरा, तीन जागा, तीन तऱ्हांच्या सावल्या.

आता या हनुवटीखालच्या हिरव्या सावलीवर डॉज फिरवा. हिरवा वाढला नाही, तो तिथे होताच, अंधारात झाकलेला होता. तुम्ही पांघरूण काढलंत. इथे मोड कितीही बदला, ल्युमिनॉसिटी लावा, ताठ रेघ लावा, हिरवा येणारच, उलट रंग जितका प्रामाणिकपणे जपाल तितका हिरवा जपला जाईल. डॉज-बर्नमधल्या रंगबदलाच्या दोन जाती आहेत, एक गणिताची आणि एक जागेची, आणि दोघींवर एकच औषध देणं हा या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा. बर्न केल्यावर बिघडलं तर बहुधा गणित, डॉज केल्यावर बिघडलं तर बहुधा जागा. ओळखायला सोपी खूण: लेयर बंद करा आणि त्या जागेचे आकडे मूळ चित्रात वाचा. अंधारातच हिरवा लालाच्या वर असेल तर तुमच्या ब्रशचा दोष नाही.

जागेच्या दोषाला क्रम महत्त्वाचा. आधी झाक काढायची, मग उजेड. खाली एक रिकामा लेयर, मोड कलर; गालाच्या चांगल्या भागातून रंग उचलायचा आणि पाच-दहा टक्के फ्लोने हनुवटीखाली फिरवायचा. त्याच्या वर डॉज. उलट क्रमाने केलं तर डॉज करताना डोळा हिरव्याशी भांडत राहतो आणि उजेड किती झाला हे कळत नाही. कलर मोडचा लेयर मात्र तिखटासारखा वापरावा. कुणाच्याही चेहऱ्यावर रंग एक नसतो, कपाळ पिवळसर, गाल आणि नाक तांबूस, पुरुषाची हनुवटी दाढीमुळे निळसर. एकच रंग सगळीकडे फासला की चेहरा प्लास्टिकचा होतो. आजोबांच्या रंगवलेल्या फोटोत जे दिसतं तेच. आणि थोडा हिरवा राहू द्यावा. पानांत उभ्या राहिलेल्या माणसाच्या गळ्याखाली अजिबात हिरवा नसेल तर तो बागेत गेलाच नव्हता असं वाटतं.

गणिताच्या दोषाला माझी आजची पद्धत अशी. दोन लेयर, एक कर्व्ह्सचा आणि वर एक ह्यू-सॅच्युरेशनचा, दोन्ही एका ग्रुपमध्ये, ग्रुपचा मोड पास थ्रू आणि ग्रुपलाच काळा मास्क. कर्व्ह्सने सावली किती गडद हे ठरवायचं, सॅच्युरेशन थोडं खाली आणून तिचा भडकपणा ठरवायचा, वाटलं तर ह्यू एखाद-दोन अंश हलवायचा. म्हणजे सावलीचा रंग त्या फोटोपुरता एकदाच ठरला. मग पांढऱ्या ब्रशने मास्कवर रंगवत सुटायचं. उजेड आणि रंग बरोबरच उतरतात. डॉजसाठी असाच दुसरा ग्रुप, त्यात सॅच्युरेशन किंचित वर. जुना कारागीर फिल्टर हातात धरून बर्न करायचा, ते हेच. हळदीसाठी मी बर्नच्या कर्व्ह्समध्ये हिरव्या चॅनलचं टोक इतरांपेक्षा थोडं वर ठेवतो, म्हणजे पिवळ्यातला हिरवा पळत नाही आणि गाजर उगवत नाही.

ग्रुपवरून एक सापळा आठवला, यात चांगले चांगले अडकतात. राखाडी ओव्हरले लेयर ग्रुपमध्ये टाकून ग्रुपचा मोड ल्युमिनॉसिटी केला की दोन्हींचा फायदा मिळेल, असं डोक्यात येतंच. करून पाहा, स्क्रीनवरचा सगळा उठाव सपाट होईल. पास थ्रू सोडून दुसरा मोड दिला की ग्रुप आपल्यापुरता बंद होतो, आतल्या ओव्हरलेला खालचं चित्र दिसतच नाही. ल्युमिनॉसिटी द्यायची तर ती कर्व्ह्सच्या लेयरलाच.

आणि काही जागांवर यातलं काहीच चालत नाही. कपाळावरचा उन्हाचा चट्टा जर २५५, २५५, २५५ असेल तर तिथे रंग उरलेलाच नाही. बर्न केलं की राखाडी डाग मिळतो, त्वचा मिळत नाही. मे महिन्याच्या दुपारी हे हमखास. जेपीईजीवर डोकं फोडण्यापेक्षा रॉ फाईल उघडावी, तिच्यात बहुधा थोडा जीव असतो. तोही नसला तर शेजारची त्वचा क्लोन करून बसवावी आणि त्याला डॉज-बर्न म्हणू नये. खोल सावलीतही तसंच. पिवळ्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोत निळा चॅनल आधीच उपाशी असतो, सावली उघडली की त्यातून रंगीत दाणे निघतात.

रॉ प्रोग्रॅमच्या ब्रशबद्दल दोन शब्द पुरेत. लाईटरूम किंवा कॅमेरा रॉमध्ये एक्स्पोजरचा ब्रश बराचसा ताठ रेघेसारखा वागतो, शिवाय त्याच ब्रशमध्ये टेंपरेचर, टिंट आणि सॅच्युरेशन असतं, म्हणजे फिल्टर धरणारा हात तिथे आपोआप मिळतो. मोठा उजेड-अंधार तिथेच उरकावा, बारीक काम फोटोशॉपला ठेवावं. फुकट मिळणाऱ्यांत डार्कटेबल या बाबतीत फार पुढे आहे. गिंपच्या २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून तिथेही उजेड आणि रंग वेगळे ठेवणारे एलसीएच मोड आले. पायरेटेड फोटोशॉपवर दिवस काढणाऱ्या छोट्या स्टुडिओंनी एकदा तिकडे बघायला हरकत नाही.

ज्या दोषाला मोड नाही तो वेगळाच. अल्बम बघायला आलेली मावशी पहिलं वाक्य बोलते, "पोर काळी दिसी राह्यनी." मग सगळ्या चेहऱ्यावर डॉज. सावली काढायची म्हणून नव्हे, मूळ रंगच बदलायचा म्हणून. आकडे वर चढत जातात, तीव्रता घसरत जाते, आणि खानदेशच्या उन्हात वाढलेली, तुकतुकीत सावळी पोरगी अल्बममध्ये खडूच्या भुकटीची होऊन बसते. मग तो फिकटपणा झाकायला वरून गुलाबी. अल्बममधले निम्मे बिघडलेले रंग मी तपासले तर इथून निघतात, ओव्हरलेच्या सूत्रातून नाही. मी मावशीशी वाद घालत नाही. पार्श्वभूमी थोडी बर्न करतो. मागचं गडद झालं की पुढचा चेहरा आपोआप उजळ दिसतो, त्याच्या एकाही आकड्याला हात न लावता. मावशी खूष होऊन जाते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अजिंठा. जळगावहून ६० किलोमीटरवर, फर्दापूरच्या पुढे. लग्नाच्या फोटोत रंग थोडा सरकला तर बिघडतं ते अल्बमपुरतं; भिंतचित्राच्या फोटोत सरकला तर अभ्यासकाची दिशाभूल होते. या भिंतींवर रंगबदलाचा एक इतिहासच आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला लाखेचं वार्निश वापरलं. चित्रं सुटून पडायची थांबली, पण वार्निश पुढे पिवळं पडलं. अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेल्या निळ्या दगडाचा रंग त्या पिवळ्याखाली हिरवट दिसायला लागतो. याझदानींच्या अजिंठ्यावरच्या, १९३० पासून निघालेल्या खंडांतले फोटो आणि १९९०च्या दशकात बिनॉय बहल यांनी फ्लॅश न वापरता, अगदी मंद उजेडात काढलेले फोटो शेजारी ठेवून पाहिले तर एकाच बोधिसत्त्वाच्या दोन वेगळ्या त्वचा दिसतात. अशा फोटोवर डॉज-बर्न करायचंच तर ताठ रेघ आणि तीही कोपऱ्यातला उजेड सारखा करण्यापुरती. सावलीला तांबूस कडा द्यायचा मोह तिथे गुन्हाच. अजिंठ्याच्या चित्रकाराने सावली कुठे ठेवायची ते ठरवून ठेवलं आहे.

धुळ्याजवळच्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार तर रंगाशिवायच जन्मभर चेहरे घडवत राहिले. ब्राँझला एकच रंग, उठाव सगळा उजेडाचा. आपल्या डॉज-बर्नची तालीम म्हणून मी पोरांना सगळ्यात वर काळ्या रंगाचा एक लेयर, मोड कलर, लावून चित्र कृष्णधवल करून बघायला सांगतो. तेवढ्यापुरता चेहरा ब्राँझचा होतो, उठाव बरोबर की चूक ते स्वच्छ दिसतं. पण दर पाच मिनिटांनी तो लेयर बंद करून रंग बघायचा. हे विसरून तासभर कृष्णधवलात रमलेले आणि शेवटी लेयर काढल्यावर कपाळाला हात लावलेले मी पाहिलेत.

स्क्रीनबद्दल बोललो नाही तर सगळं फुकट. दुकानात ट्यूबलाईट, शटर उघडं, बाहेरून उन्हाचा झोत आणि मॉनिटरची ब्राइटनेस शंभरावर. अशा स्क्रीनवर सावली नेहमी उजळ दिसते, म्हणून आपण जास्त बर्न करतो, आणि बर्नबरोबर भडकपणाही. लॅबला फाईल एसआरजीबीमध्ये द्यावी, अल्बम पाठवायच्या आधी दोन-तीन चेहऱ्यांची छोटी टेस्ट प्रिंट काढून ती दाराशी, दिवसाच्या उजेडात बघावी. तेवढे पैसे वाचवायला जातो आणि मग चाळीस पानं पुन्हा छापतो.

ती गाजरं मी पुन्हा छापली, स्वतःच्या खर्चाने. रॉ फाईलींपासून सुरुवात केली, हिरव्या चॅनलचं टोक वर ठेवलं, मानेखाली मंडपाचा लाल थोडा राहू दिला. नवरीच्या आईने अल्बम मांडीवर घेऊन पान न् पान पाहिलं. हळदीच्या पानांवर क्षणभरही थांबल्या नाहीत. शेवटी अल्बम मिटून म्हणाल्या, "भाऊ, धाकट्या मामांचा फोटो एकच का घेतला?"